पेवातून आलेलं परीक्षण

दोर ओढून डबा वर घेतला तर त्यात गाणं नव्हतं, परीक्षण होतं. नीट घडी घातलेली रविवारची पुरवणी, कडा हळदीनं पिवळ्या झालेल्या, आणि वर तारीख चार फेब्रुवारीची. त्या दिवशी नोव्हेंबरची सत्तावीस होती.

"वहिनी, आपला अल्बम आलाय," केतकी म्हणाली.

"कुठला अल्बम? एकच गाणं झालंय की आपलं."

"इथं नऊ आहेत."

आता या दोघी कोण आणि पेवात डबा कशाला सोडत होत्या, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा काहीच्या बाही सांगत सुटलाय. तृप्ती आरवाडे ही भावजय आणि केतकी आरवाडे ही तिची नणंद. राहायला सांगलीशेजारी हरिपुरात. तृप्तीचा नवरा, म्हणजे केतकीचा थोरला भाऊ, सहा वर्षांपूर्वी गेला. दिवसकार्य झाल्यावर तृप्तीचे वडील तिला न्यायला बार्शीहून आले. बॅग भरून झाली, रिक्षा दारात आली, तेव्हा केतकी उंबऱ्यात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "तू गेलीस तर मी भांडू कुणाशी?" झालं! बॅग परत माळ्यावर गेली.

मग त्या घरात एक जुना सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, आला. कुठल्याशा वाद्यवृंदानं काढून टाकलेला, ज्याच्या दोन पट्ट्या दाबल्या की दाबलेल्याच राहायच्या असा. तृप्ती तो वाजवायला शिकली, केतकीला गळा होताच. जोडीचं नाव त्यांनी ठेवलं 'गुंगी'. सिंथचे लांबलचक, गरगरणारे सूर आणि त्यावर केतकीचा सरळसोट आवाज. ऐकणाऱ्याचं डोकं बसल्या जागी हलकं व्हायचं. पहिल्या अल्बमचं बरं नाव झालं. पेपरात फोटो आला, पण खाली नावं उलटी: तृप्तीच्या फोटोखाली केतकी, केतकीच्या फोटोखाली तृप्ती. नंतरच्या प्रत्येक पेपरनं तीच चूक इमानदारीनं पुढं चालवली. दोघींनी आधी फोन केले, मग हसून सोडून दिलं.

राहिलं पेव. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट खोलीएवढं, आणि खाली चांगलं तीन पुरुष खोल. हळद भरून तोंडावर फरशी टाकली की आतली हवा संपते, आणि हवा नाही म्हणून कीड नाही. माल वर्षानुवर्षं ठेवला तसा राहतो. उघडल्यावर मात्र लगेच उतरायचं नसतं. आधी पेटता कंदील खाली सोडायचा. तो जळत राहिला तर माणसानं जायचं, विझला तर नाही. हरिपुरातली पोरं हे बाराखडीच्या आधी शिकतात. महापुरात गावातली पेवं खचली, आरवाड्यांच्या घरामागच्या परड्यातलं एक तेवढं शाबूत राहिलं. केतकीच्या डोक्यात आलं की हळद टिकते तिथं गाणं का टिकू नये? म्हणून नव्या अल्बमचं पहिलं गाणं त्यांनी वाजवणारा स्पीकर आणि घुमलेला आवाज टिपणारा रेकॉर्डर यांच्यासकट डब्यात घालून पेवात सोडलं, फरशी टाकली आणि आठ दिवसांनी वर काढलं. गाणं सुरेख झालं होतं. दुसऱ्या खेपेला डबा ओढला, तर ही पुरवणी.

केतकी ती घेऊन चौकातल्या पेपरवाल्याकडे गेली. शांतिनाथनं चष्मा वर करून तारीख बघितली.

"हा अंक अजून आला नाही, ताई. आला की तुमचा बाजूला ठेवतो. घरी आणून टाकतो."

"आणि मग हा काय?"

"हा तुमच्याकडे आहेच की."

त्यात त्याचं काय चुकलं? केतकी नाचतच घरी आली. परीक्षण अ. वि. गुळवणींचं होतं. हा गृहस्थ कुणाला सहजी चांगलं म्हणणारा नव्हे. त्यानं पाचपैकी चार तारे दिले होते. अल्बमचं नाव होतं 'पेव'. हे नाव दोघींना अजून सुचलंही नव्हतं, पण वाचल्याबरोबर पटलं. प्रत्येक गाण्यापुढं मिनिटं छापलेली होती. नवव्यापुढं नुसती रेघ होती.

केतकीनं अजून वरवरच वाचलं होतं; ती चहा टाकायला आत गेली तेवढ्यात तृप्तीनं शेवटचा परिच्छेद वाचला. 'नवव्या गाण्यात केतकी आरवाडे यांचा आवाज पेवाच्या तळातून येतो. त्या खाली उतरल्या आणि वर आल्या नाहीत.' त्यापुढं आणखी एक वाक्य होतं. ते तृप्तीनं वाचलं नाही. तिनं शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली, परिच्छेद कापला, आणि तो आता कुठं लपवावा म्हणून घरभर नजर फिरवली. कपाट दोघींचं एक. कचऱ्याची बादली केतकी रोज चाळायची, ओला-सुका वेगळा करायला. शेवटी ती परड्यात गेली आणि तो तुकडा पेवात टाकून तोंडावर फरशी सरकवली.

"ह्याचं खालचं कुठाय?" केतकीनं चहा ठेवत विचारलं.

"उंदरानं खाल्लं असेल खाली."

केतकीनं कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "बरं," म्हणाली, आणि बशीत चहा ओतला.

त्यानंतर गाणी होत गेली. करावी लागली नाहीत, असं म्हटलं तरी चालेल. परीक्षणात लिहिलं होतं की तिसरं गाणं गरजेपेक्षा चार मिनिटांनी लांबलंय. दोघींनी ठरवून ते आखूड केलं, तर खोली लांबली. सिंथपासून दार पाच पावलांवर होतं ते अकरा पावलांवर गेलं. केतकीनं चालून मोजलं, मग परत मोजलं, आणि खडूनं भिंतीवर आकडा लिहून ठेवला. जमिनीला फरश्या कमी पडल्या नाहीत, छताला वासे कमी पडले नाहीत. फक्त स्वयंपाकघरातून आणलेला चहा सिंथपर्यंत येईतो कोमट व्हायला लागला.

पाचव्या गाण्याबद्दल गुळवणींनी लिहिलं होतं, 'तृप्ती यांचा एक सूर केतकींच्या आवाजाला धरून आहे. तो सुटला की आवाज संपतो.' वाचताना ती स्तुती वाटली होती. रेकॉर्डिंग चालू असताना तृप्तीला शिंक आली, बोट उचललं गेलं, आणि केतकीचा आवाज गेला. ओठ हलत होते, गळ्याची शीर फुगत होती, आवाज मात्र नाही. तृप्तीनं घाबरून पट्ट्या दाबायला सुरुवात केली. दहाबारा पट्ट्या झाल्यावर डाव्या अंगाची एक पांढरी पट्टी दाबली, आणि केतकी ओळीच्या मधूनच परत ऐकू यायला लागली. "दारात कोण, दारात कोण, दाराच्या आतच दार," असं ती गात होती. तृप्तीनं त्या पट्टीवर लाल टिकली लावून ठेवली. गाणं संपल्यावर सावकाश बोट उचललं, तर केतकी चांगली बोलत होती, भूक लागली म्हणत होती. दोघींनी पोहे केले. असल्या गोष्टींवर बोलत बसलं की त्या वाढतात, असं तृप्तीचं मत होतं.

आणि पेवाचं तोंड घरात येत होतं. चौथ्या गाण्यानंतर ते परड्यातून मागच्या पायरीशी आलं. सहाव्यानंतर स्वयंपाकघरात, ओट्याजवळ. तृप्ती फोडणी देताना एक पाय फरशीवर ठेवून उभी राहायची. सातवं गाणं झालं त्या दिवशी शेजारच्या इंदूमावशींनी कुंपणावरून "ए केतकी!" म्हणून हाक मारली, आणि तृप्तीनं "ओ" दिली. दिल्यावर तिच्या लक्षात आलं.

दर खेपेला डब्यातून नवं परीक्षण येतच होतं. तृप्ती आधी वाचायची, मग केतकीला द्यायची. एका पुणेरी समीक्षकानं लिहिलं, 'हळदीचा वास येणारा गोंधळ. दोन तारे.' त्या दिवशी तृप्तीनं भांडी अशी आपटली की विचारू नका. "दोन? स्वतःला कधी सा लावता आला असेल का मेल्याला?" केतकी पोट धरून हसत होती. दुसऱ्या एकानं लिहिलं की नववं गाणं ऐकून आपण आठ दिवस कुणाशी बोललो नाही. आणि आठव्या गाण्याच्या डब्यात मुलाखत आली. फोटोत तृप्ती एकटीच होती, बाजूला रिकामी खुर्ची. खाली मोठ्या अक्षरांत तिचंच वाक्य: 'दोर माझ्या हातात होता.'

ती मुलाखत तिनं केतकीला दाखवली नाही. घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली, दोर गुंडाळला आणि इंदूमावशींना नेऊन दिला. "म्हशीला बांधा, चांगला मजबूत आहे." घरी येऊन ती म्हणाली, "संपला अल्बम. आठ गाणी पुष्कळ झाली."

"परीक्षणात नऊ आहेत."

"असू देत."

केतकीनं वाद घातला नाही. वाद न घालणारी केतकी तृप्तीला नवीन होती, आणि तिला ती मुळीच आवडली नाही.

चार फेब्रुवारीला, रविवारी सकाळी, इंदूमावशी दोर घेऊन दारात आल्या. आत यायला त्यांना बराच वेळ लागला, कारण दार आता एकतीस पावलांवर होतं.

"हा तुमचा दोर ठेवा बाई. म्हस दूध देईना. नुसती गुणगुणत बसती."

"काय गुणगुणते?" केतकीनं विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? तुमचंच कायतरी." दोर सिंथजवळ टाकून त्या गेल्या. तिथंच आता पेवाचं तोंड होतं, बरोबर सिंथच्या स्टँडखाली, वर फरशी.

केतकीनं दोराकडं बघितलं, मग वहिनीकडं. "वहिनी, पेवात उंदीर जगत नाही."

तृप्ती दोर उचलून गुंडाळायला लागली.

"पेवात काहीच जगत नाही. म्हणून तर हळद टिकते. बार्शीत शिकवत नसतील हे, पण इथं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. उंदीर म्हणे! आणि तोही सरळ रेघेत खाणारा."

"मग दोन महिने गप्प का बसलीस?"

"तू सांगशील म्हणून," केतकी म्हणाली. "मला वाटलं माझ्या गाण्याला वाईट लिहिलंय. मला लागू नये म्हणून तू कापलंस. मी रोज गाताना तेच शोधत होते, काय लिहिलं असेल, कुठं चुकत असेन."

मग मात्र तृप्तीला राहवेना. ती खाली बसली आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं: दोन वाक्यं, न वाचलेलं तिसरं, कात्री, आणि तो तुकडा पेवात टाकला ते. ब्लाऊजमधली मुलाखत काढून समोर ठेवली. "माझं आता तुझ्याशिवाय कोण आहे गं? एवढा एक अल्बम न होऊ दे. मला तू पाहिजेस, चार तारे नकोत."

केतकी तिच्याजवळ बसली. पदरानं तिचं तोंड पुसलं. मग बराच विचार करून म्हणाली, "नाव काय होतं? नीट आठव."

"केतकी आरवाडे."

"आणि पेपरात केतकी आरवाडे कोण असते?"

तृप्तीनं मुलाखत परत उचलून फोटो बघितला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तूच की," केतकी म्हणाली. "मुलाखतीतल्या फोटोचं सोड, ते कुणाचाही कुठंही लावतात. उतरणारी तू असशील आणि दोर धरणारी मी. तिसऱ्या वाक्यात कळेल. कुणाला जपायचं ते तरी कळायला नको? मी जाते, वाचते आणि वर येते."

"कुणी कुठं उतरायचं नाही!" तृप्तीनं फरशीवर बसकण मारली. पण फरशी तिथं नव्हती. ती साध्या जमिनीवर बसली होती, आणि पेव दोन हात पलीकडं केतकीच्या पायाशी उघडं होतं. आतून हळदीचा जुना, उबदार वास येत होता.

केतकीनं खुंटीवरचा कंदील काढून पेटवला, बारीक सुतळीनं खाली सोडला. नियम तो नियम. दोघी वाकून बघत राहिल्या. पिवळा ठिपका लहान लहान होत तळाला टेकला. तृप्ती मनात म्हणत होती, विझ, विझ रे बाबा. तो चांगला शांत जळत राहिला.

"हवा आहे," केतकी म्हणाली. तिनं दोर कमरेला बांधला, पार्सलला मारते तशी दुहेरी गाठ मारून. "धर."

"नाही धरणार मी."

"मग बिनदोराची उतरते."

आणि ती उतरली असती हो, तिचा काय नेम! तृप्तीनं दोर धरला. हाताला दोन वेढे घेतले आणि पाय सिंथच्या स्टँडला रोवले. केतकीनं जाता जाता रेकॉर्डर चालू केला, सवयीनं. तांबडा दिवा लागला.

दोर पंचवीस हातांचा होता. पंचवीस हात सुटले, मग तीस, मग चाळीस. दोर संपत नव्हता. तृप्तीला त्याचं नवल वाटलं नाही, खोलीला फरश्या पुरल्या तसा दोर पुरत होता. शेवटी खालून हाक आली.

"लागले गं पाय!"

"मिळाला का तुकडा?"

"मिळाला. जसाच्या तसा आहे. कंदिलापाशीच पडलाय." कागद उलगडल्याचा आवाज तेवढ्या खोलवरून अगदी कानाशी आला. मग केतकी वाचायला लागली. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. वाचता वाचता तिला चाल लागत होती. पेवानं ते शब्द गोल फिरवून वर धाडले आणि तृप्तीच्या हातावर काटा आला, कारण दोन वर्षं दोघी ज्याच्या मागं होत्या तो आवाज हाच होता. "आता तिसरं," केतकी म्हणाली.

आणि ती हसली. खळखळून, पुणेरी समीक्षकाला हसली होती तशी. "अगं वहिनी, हे तर..."

आवाज तुटला. दोर हलका झाला.

तृप्तीनं ओढायला सुरुवात केली. ओढलेल्या दोराचा ढीग घोट्यापर्यंत आला, गुडघ्यापर्यंत आला. ओढता ओढता ती केतकीला शिव्या देत होती, देवाला देत होती, गुळवणींना देत होती. दोराचं टोक वर आलं. त्याला कंदील होता. दुहेरी गाठीनं बांधलेला, पेटलेला, काच साधी काळीसुद्धा न झालेली.

"केतकी!"

पेवानं प्रतिध्वनीही दिला नाही.

तेव्हा तिला टिकली आठवली. ती तशीच गुडघ्यांवर सिंथपाशी गेली आणि डाव्या हाताच्या तर्जनीनं लाल टिकलीची पट्टी दाबली. खालून हसू परत सुरू झालं, जिथं तुटलं होतं तिथूनच.

"केतकी, वर ये."

"येते की," खालून आवाज आला. "सूर सोडू नकोस."

"कधी येतेस?"

"येते की."

"काय लिहिलंय त्यात? तिसरं वाक्य सांग."

"येते की," केतकी म्हणाली, त्याच सुरात, आणि गुणगुणायला लागली. तृप्तीनं पट्टी दाबून धरली. तिनं कोपर मांडीला टेकवलं, म्हणजे हात लवकर भरून येऊ नये. कंदील शेजारी जळत होता. रेकॉर्डरवर मिनिटं पळत होती, पंधरा झाली, चाळीस झाली. पट्टी दाबलेलीच राहील म्हणून तिनं बोट केसाएवढं सैल करून बघितलं, आणि गुणगुणणं बारीक झालं. तिनं परत घट्ट दाबलं. इतक्या वर्षांत अडकायच्या त्या दोन पट्ट्यांत नेमकी ही नव्हती.

दारात सायकलची घंटी वाजली.

"ताई!" शांतिनाथची हाक लांबून, खोलीच्या त्या टोकाकडून आली. "तुमचा अंक आला. मोठ्ठं छापलंय तुमचं, फोटोबिटो आहे. ह्या खेपेला नावंपण नीट आहेत."

"आत आणून दे रे!" तृप्ती ओरडली. "शेवटचं वाक्य वाच, नुसतं शेवटचं वाक्य!"

पण सायकल निघून गेली होती. पुरवणी उंबऱ्यात पडली होती, एकतीस पावलांवर, अख्खी, न कापलेली. वाऱ्यानं तिचं पान उलटलं, परत सुलटलं. खाली केतकी गात होती. तृप्तीनं पाय लांब करून बघितला, मग जवळ घेतला, आणि बोट होतं तिथंच ठेवलं.